आईच्या कोंबड्यांची राखण

मी भंडाऱ्याला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. माणसाच्या आत जे काही बिघडतं ते शेवटी रिपोर्टमध्ये उतरतं, यावर माझा पक्का विश्वास. आजही आहे. रक्त तपासायचं सोडून आधी बुवाकडे जाऊन आलेले पेशंट रोज बघते, त्यामुळे बाहेरचं, नजर, अंगात येणं असल्या गोष्टींची मला नुसती शंका नव्हती, चीड होती. अशा अनुभवांचं हे पान मी दुपारी डबा खाताना सोबतच्या मुलींना मोठ्याने वाचून दाखवायचे आणि आम्ही पोट धरून हसायचो. आज त्याच पानावर लिहायला बसले आहे... लिहायला मला माझ्या भावानेच सांगितलं. त्याचं नाव बदललंय. प्रशांत म्हणू.

आमचं गाव पवनी तालुक्यात, आसगावहून थोडं आत. गावाचं नाव देत नाही. घर वस्तीच्या टोकाला. समोर ओसरी, मागे आईची वाडी, म्हणजे शेवगा, वांगी, वाल, एका कोपऱ्यात तणसाचा, म्हणजे धानाच्या पेंढ्याचा ढीग आणि त्याला लागून कोंबड्यांचं खुराडं. वाडीचं कुंपण संपलं की बोडी लागते. बोडी म्हणजे लहान तळं, उन्हाळ्यात तळाशी चिखल तेवढा उरतो. बोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्या, म्हणजे खाचरं, आणि त्यांच्याही पलीकडे जंगलाची कड. घरात आई, बाबा आणि माझा धाकटा भाऊ प्रशांत. मी शनिवारी संध्याकाळच्या एसटीने जाते आणि सोमवारी सकाळी परत येते.

कोंबड्या आईच्या एकटीच्या. बाबांना त्यांचा वैताग, कारण धान वाळत घातलं की सगळ्या त्यावर. पण आईचा जीव होता. प्रत्येकीची चाल, प्रत्येकीचा स्वभाव तिला ठाऊक. बाजारातून आल्यावर आधी पाणी न पिता वाडीत जाऊन बघायची.

जंगलाची कड जवळ म्हटल्यावर त्रास असणारच. पिल्लं वरून शिक्रा उचलायचा, खालून मुंगूस. पण खरा वैरी होता एक रानबोका. गावातल्या मांजरापेक्षा उंच, लांब पायांचा, भुऱ्या रंगाचा. प्रशांतने त्याच्यासाठी काय नाही केलं! मी भंडाऱ्याहून बारीक जाळी नेली, ती त्याने चारी बाजूंनी ठोकली. बोक्याने खालून उकरलं. मग जमिनीत फरशीचे तुकडे उभे गाडले. बोक्याने वरचं टिन एका बाजूने उचललं. टिनावर दगड ठेवले, भोवती बाभळीचे काटे टाकले, बल्ब लावला, कडीला तार गुंडाळली. चार-आठ दिवस बरे जायचे आणि पुन्हा सकाळी जाळीला पिसं चिकटलेली.

मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता आईची एक काळी कोंबडी अंड्यांवर बसली होती. पिल्लं फुटायच्या बेतात होती. बोक्याने तिला अंड्यांवरच मारलं. आईने मला फोन केला आणि नुसती रडत राहिली. मी म्हटलं, "आई, सोड ना आता हे. कायले एवढा त्रास करून घेतेस?" तिने फोन ठेवून दिला.

त्यानंतर सगळं थांबलं. एकदम.

दिवाळीपर्यंत वाडी भरली. आईने त्या काळात एकही अंडं घरात आणलं नव्हतं, सगळी उबवायलाच ठेवली होती, आणि फुटलेलं एकेक पिल्लू जगलं होतं. बोका नाही, मुंगूस नाही, आभाळात शिक्रा नाही. मी म्हटलं, "जाळीचा उपयोग झाला शेवटी." प्रशांत म्हणाला, "जाळी तं मांगच्या महिन्यापासून फाटलीच हाय ताई. मले बांधाले टाइमच नाई भेटला."

मग त्याने मला मोबाईलवर एक फोटो दाखवला. खुराड्याच्या बाहेर मेलेलं मुंगूस. मेलेलं मुंगूस मी आधी पाहिलंय, ताठ होऊन आडवं पडलेलं असतं. हे बसलेलं होतं. चारही पाय पोटाखाली घेतलेले, मान आत ओढलेली, डोकं एका बाजूला वळवून पाठीत खुपसलेलं. मी म्हटलं, "हे असं कोणी ठेवलं?"

"कोणीच नाई. असंच होतं. मले वाटलं झोपलं हाय."

तेव्हा मी विषयच बदलला. पण पुढे एका रविवारी सकाळी मी घरीच असताना आईने हाक मारली, आणि मी स्वतः पाहिलं. तो रानबोका. खुराड्याच्या दारासमोर, जिवंत. पाय पोटाखाली मुडपून, मान खांद्यात घालून बसलेला. डोळे उघडे. प्रशांतने काठीने ढोसलं तरी हलला नाही, गुरगुरला नाही. कोंबड्या त्याच्या आजूबाजूने दाणे टिपत फिरत होत्या. एक तर त्याच्या पाठीला घासून गेली. मी वाकून त्याच्या डोळ्यांत पाहिलं... त्याची नजर माझ्यावर नव्हतीच. कशावरच नव्हती. दुपारपर्यंत तो तसाच बसून मेला.

मी लगेच डोकं चालवलं. मण्यार चावला की दाताची खूण दिसत नाही आणि अंग लुळं पडतं. तणसाच्या ढिगात मण्यार असणार. मी बाबांना ढीग हलवायला लावला. निघालं काहीच नाही. पण मला कारण सापडलं होतं, माझ्यापुरतं ते पुरे होतं.

आमचा कुत्रा शेरू गेला तेव्हाही मी मण्यारच म्हटलं. शेरू म्हातारा, गरीब. त्याने खेळता खेळता एका पिलाला तोंडात धरलं, आईने ओरडून सोडवलं, पिलाला काही झालं नव्हतं. त्याच संध्याकाळी शेरू खुराड्याला टेकून बसला. पाय आत घेऊन, कोंबडी बसते तसा. कुत्रा असा बसत नाही हो... त्याला तसं बसताच येत नाही. त्याने भाकरीकडे पाहिलं नाही, आईच्या हाकेला शेपूट हलवली नाही. दोन दिवसांनी बाबांनी त्याला बांधाच्या कडेला पुरलं.

आता मुख्य गोष्टीकडे येते.

प्रशांतची सोयरीक जुळत आली होती. मुलगी कोंढ्याच्या बाजूची, शिकलेली. प्रशांतला ती इतकी आवडली होती की तो फोन घेऊन बोडीच्या पाळीवर जाऊन बसायचा आणि तासाभराने लाजत परत यायचा. धानाची मळणी उरकल्यावर तिचे वडील, काका आणि मामा आमचं घर पाहायला यायचे ठरले. रविवार होता, म्हणून मीही होते. जेवायला गावरान कोंबडा करायचा असं बाबांनी ठरवलं. आई "बाजारातून आणा ना" म्हणत होती, पण बाबा म्हणाले, "घरी वाडी भरून हाय अन् बाजारातून आणतेस? लोक काय म्हणतीन?" 

सकाळी प्रशांत खुराड्यात शिरला. मी वाटण घेऊन चुलीपाशी होते, तिथून वाडी सरळ दिसते. कोंबडा पकडताना किती गोंधळ होतो तुम्हाला माहीत असेल, सगळं खुराडं ओरडतं. त्या दिवशी आवाज झाला नाही. प्रशांत मोठा तांबडा कोंबडा हातात घेऊन बाहेर आला. कोंबड्याने पंखही फडफडवले नाहीत. आणि आतल्या साऱ्या कोंबड्या जाळीला लागून उभ्या होत्या, प्रशांतकडे बघत.

"पाह्य ताई, कसा गपचूप आला," तो हसून म्हणाला. कापलाही त्यानेच.

पाहुणे आले. जेवण छान झालं. मुलीच्या काकांनी दोनदा रस्सा मागून घेतला. लग्न उन्हाळ्यात करू, हॉल पवनीला बघू इथपर्यंत बोलणं गेलं. चहा झाला. दिवस बुडायला आला तसे पाहुणे उठले. सगळे ओसरीतून रस्त्यापर्यंत त्यांना सोडायला गेलो. प्रशांत मुलीच्या वडिलांशी हसत बोलत होता, गाडीचं दार त्यानेच उघडून धरलं होतं. मागे वाडीत कोंबड्या एकेक करून आत जात होत्या, ते मला आवाजावरून कळत होतं.

आणि बोलता बोलता प्रशांत खाली बसला.

पडला नाही. चक्कर आलेला माणूस कसा कोसळतो ते मी रोज बघते. हा हळूच गुडघ्यांत वाकला, पाय अंगाखाली घेतले, हात कुशीला दाबले आणि मान खांद्यात ओढली. गाडीच्या दारापाशी, धुळीत.

"काय झालं बे तुले? ऊठ!" बाबा ओरडले. त्यांना राग जास्त आला होता. प्रशांतने ऐकलं नाही. मी नाडी पाहिली, व्यवस्थित. डोळ्यांसमोर मोबाईलचा टॉर्च धरला तर बाहुल्या आकसल्या, पण पापणी हलली नाही. आणि ती नजर मी ओळखली. मला त्या क्षणी काय वाटलं ते लिहिता येत नाही.

मुलीचे वडील बाबांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "पोरगा पेते का?"

बाबा नाही म्हणत राहिले. पाहुणे निघून गेले. आम्ही तिघांनी उचलून प्रशांतला ओसरीत आणलं, आडवं करायला गेलं की अंग ताठ व्हायचं, म्हणून भिंतीला टेकवून तसाच ठेवला. पहाटे उजाडायला लागलं तसा तो उठला आणि म्हणाला, "पाहुणे गेले काय?"

सोयरीक मध्यस्थाच्या फोनवरच मोडली.

त्या दिवसापासून रोज. कोंबड्या खुराड्यात शिरायला लागल्या की प्रशांत असेल तिथे बसायचा आणि उजेड झाला की उठायचा. दिवसभर ठीक. शेतात जायचा, जेवायचा, बोलायचा, फक्त थोडा कमी. मी त्याला भंडाऱ्याला आणलं. त्याचं रक्त मी स्वतः काढलं, प्रत्येक टेस्ट स्वतः लावली. सगळं नॉर्मल. डोक्याचा एमआरआय नॉर्मल. नागपूरच्या मानसोपचार डॉक्टरांनी लग्नाचं टेन्शन म्हटलं आणि गोळ्या दिल्या. दवाखान्यात, बंद खोलीत, जिथे बाहेर अंधार पडला की नाही हेही कळत नव्हतं, तिथेही तो वेळ झाली की बसला.

मी तरीही आजारच म्हणत होते. मग एक दिवस दुपारीच आभाळ भरून आलं. असं अंधारून आलं की कोंबड्या दिवसाढवळ्या आत जातात, खेड्यात राहणाऱ्यांना माहीत आहे. प्रशांत तेव्हा पवनीहून मोटरसायकलने येत होता. त्याने गाडी थांबवली, स्टँडवर लावली, आणि रस्त्याच्या मधोमध जाऊन बसला. समोरून आलेल्या ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून... चाक त्याच्यापासून हातभर अंतरावर थांबलं. ट्रकवाला शिव्या देत खाली उतरला आणि प्रशांतचा चेहरा पाहून दोन पावलं मागे सरकला. त्यानेच आणि गावातल्या लोकांनी त्याला घरी पोचवलं.

मी निरोप मिळताच भंडाऱ्याहून आले. आई चुलीपाशी बसली होती, चूल विझलेली. मला पाहिल्यावर म्हणाली, "माह्यामुळं झालं हे."

"काहीतरी नको बोलू आई."

"काळी मेली ना, त्या दिवशी. मी खुराड्याजवळ बसून म्हणलं, कोणी असशीन तं आयक. माह्यानं आता होत नाई. तूच राख यायले. कोणाच्याच हाताले लागू देऊ नको."

"कोणाले म्हणलं तू?"

"कोणाले म्हणू व? कोणीच नोतं तिथं. तसंच म्हणलं." तिने काडीने चुलीतली राख उकरली. "मी आपलं बोक्याच्या भरवशावर म्हणलं. माह्या ध्यानातच नाई आलं का कापून खाणारे तं आपणच आवो."

बाबा दारात उभे राहून ऐकत होते. मला वाटलं आता चिडतील. ते कुऱ्हाड घेऊन वाडीत निघाले, एकेक कोंबडी कापून टाकतो म्हणाले. आई धावत जाऊन खुराड्याच्या दारासमोर आडवी झाली. "तुमी हात लावू नका! कोणीच लावू नका आता!" तिला कोंबड्यांची काळजी नव्हती, बाबांची होती. बाबांनाही ते कळलं. त्यांनी कुऱ्हाड खाली टाकली आणि माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

आईने आपले शब्द परत घेतले. खुराड्यासमोर हात जोडून, पदर पसरून घेतले. काही झालं नाही. कोंबड्या कुणाला देऊन टाकाव्या तर नेणाऱ्याचं काय होईल ही भीती. शेवटी तिने ठरवलं की कोंबड्या जंगलातल्या जनावरांनाच नेऊ द्यायच्या, राखण मोडली की पोरगाही सुटेल. प्रशांतने एवढ्या मेहनतीने केलेलं सगळं तिने स्वतःच्या हाताने काढलं. जाळी, काटे, गाडलेले फरशीचे तुकडे, दार सुद्धा. कुंपण मोडून बोडीच्या बाजूला वाट केली. बाजारातून मासोळीची घाण आणून त्या वाटेवर टाकायला लागली, जंगलातल्या जनावरांना वास जावा म्हणून.

कोणी आलं नाही.

रोज संध्याकाळी आई मागच्या पायरीवर बसायची, कान देऊन. एका बाजूला ओसरीत पोरगा बसलेला, एका बाजूला उघडं खुराडं. शेजारणी म्हणू लागल्या की बाईचं डोकं फिरलं, कोंबड्या राखायच्या सोडून बोक्याची वाट पाहते. आणि मी, लॅबमध्ये काम करणारी, सकाळी फोन लावून पहिलं हेच विचारायचे, "आलं काय काही?" "नाई आलं," आई म्हणायची. 

असा सगळा हिवाळा गेला, उन्हाळा लागला. बोडी आटून चिखल झाला.

त्या शनिवारी मी पोचले तेव्हा दिवस बुडत होता. प्रशांत नुकताच ओसरीत बसला होता. मी आईशेजारी पायरीवर बसले. शेवटची कोंबडी आत शिरायची होती, पाठीवर पांढरे ठिपके असलेली, आईची सगळ्यांत आवडती. हिच्यामागे ती लहान पोरीसारखी बोलत फिरायची. कोंबडी दारापाशी थबकली. कुंपणाच्या फटीत काहीतरी हललं... भुरं, उंच पायांचं. दुसरा बोका. वयाने लहान असावा, हाडकुळा होता. तो पोट जमिनीला लावून पुढे सरकत आला आणि थांबला. मला वाटलं आता हाही बसतो.

त्याने झेप घेतली. कोंबडी किंचाळली, आणि तिच्याबरोबर सगळं खुराडं किंचाळलं. कित्येक महिन्यांत त्या वाडीत असा आवाज झाला नव्हता. मी सवयीने उठले, हातात पायताणही घेतलं होतं. आईने माझा हात घट्ट धरला.

"थांब. नेऊ दे."

"आई, ठिपकी आहे..."

"माहीत हाय मले. नेऊ दे."

तिची नखं माझ्या मनगटात रुतली होती. बोका कोंबडीला ओढत फटीतून गेला. तिचा आवाज बोडीकडे जात जात बंद झाला. आई रडत होती आणि हसतही होती. आपल्या आईला तसं कुणाला बघावं लागू नये.

ओसरीतून आवाज आला, "ताई, तू कधी आली? एवढा अंधार काहून करून ठेवला?"

प्रशांत उभा होता. दिव्याचं बटण चाचपत होता.

त्यानंतर तो कधीच तसा बसला नाही. उरलेल्या कोंबड्या हळूहळू बोक्याने, मुंगसाने नेल्या. आईने एकीलाही अडवलं नाही. आता वाडीत वांगी आहेत, खुराड्याच्या जागी भेंडी लावली आहे.

मी अजूनही कारण शोधते. मण्यार, कीटकनाशक, मनाचा आजार, भावाने ती जनावरं तशी बसलेली पाहिली म्हणून त्याच्या मनाने घेतलं असेल... हे सगळं मी स्वतःला सांगून पाहिलं. प्रत्येक कारण थोडं पुरतं आणि मग संपतं. ढगाळ दुपारी पवनीच्या रस्त्यावर असलेल्या माणसाला, घरच्या कोंबड्या आत शिरल्या हे कसं कळलं? तुमच्यात कोणी डॉक्टर असतील आणि त्यांनी असं काही पाहिलं असेल तर जरूर लिहा. मला खरंच ऐकायचं आहे.

एवढे दिवस मी प्रशांतला त्या रात्रींबद्दल काही विचारलं नव्हतं. मागच्या महिन्यात विचारलं. आता तो झोपताना दिवा सुरू ठेवतो, आई म्हणते दाराला आतून दोन-दोन कड्या लावतो, म्हणून.

"तुला काय दिसायचं रे तेव्हा?"

"दिसत काहीच नोतं. खुराड्यात असते तसं काळंभोर. पण दिवस बुडला का कोणीतरी यायचं. सगळ्यायच्या डोक्यावरून एकेक करून हात फिरवायचं, सगळे आहेत का नाई पाहाले. मंग माह्या डोक्यावरून फिरवायचं." त्याने स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "मंग बाहेर बसून राहायचं, उजाडेपर्यंत."

"घाबरत नव्हतास?"

"नाई ना," तो म्हणाला. "तेव्हा भेव नोतं वाटत ताई. आता वाटते."